आरमोरीचा समुद्र

मुंबईच्या एका नृत्यमंडळीत मी दोनेक वर्षं लाट होतो. लाटा बऱ्याच होत्या. मी मागच्या रांगेतली, डावीकडून शेवटची. समुद्राचा देखावा संपला की मी झाड व्हायचो, आणि झाडाचं काम संपलं की निळं कापड गुंडाळून पेटीत ठेवायचो. पुढे चालकांची आपसात भांडणं होऊन मंडळी मोडली. मी आरमोरीला परत आलो आणि घरी सांगितलं, की मी नर्तक झालोय. ते खोटं नव्हतं. फक्त डावीकडून शेवटचा, एवढं सांगायचं राहून गेलं.

घरी होती माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. ती नवरा वारल्यावर माहेरी आली होती, आणि आईवडील गेल्यावर धानाचं शेत, बैलजोडी आणि मी, या तिन्ही गोष्टी तीच हाकत होती. बैल तिचं लगेच ऐकायचे.

"म्हंजे आता कराचं काय?" तिनं विचारलं.

"शाळा काढतो. नवनृत्याची."

"जुनंच कोणाले येत नाई इथी," ती म्हणाली, "अन् तू नवं शिकवून राह्यला?"

पण तिनं नाही म्हटलं नाही. घरामागं धान साठवायचा मोठा कोठा होता, तो उन्हाळ्यापासून नवं पीक येईपर्यंत रिकामाच असायचा. तिथं मी शाळा काढली. पत्र्याच्या एका तुकड्यावर माझ्या हातानं रंगवलं: 'नवनृत्य प्रशिक्षण केंद्र'. तेव्हा सरकारनं गावोगाव कसली ना कसली केंद्रं उघडायचा सपाटा लावला होता. पाटी लावल्याच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारा शेतकरी येऊन ओट्यावर बसला. मला वाटलं, नातवाचं नाव घालायला आलाय. बराच वेळ इकडेतिकडे बघून त्यानं विचारलं, "भाऊ, बियाणं कधी वाटनार?"

पहिला महिना शाळेत मी एकटाच होतो. मुख्याध्यापकही मी आणि विद्यार्थीही मीच, आणि दोघंही एकमेकांवर खूश. सकाळी कोठ्यात जाऊन दार लावून घ्यायचो, जमिनीवर आडवा पडून लाटेसारखं अंग वरखाली करायचो, लांब श्वास घ्यायचो आणि फुस्स करून सोडायचो. शेजारच्या काकूनं एकदा फटीतून ते पाहिलं आणि धावत बाईकडे गेली.

"वो बाई, तुझ्या भावाले झटके येऊन राह्यले!"

"झटके नाई, थो नाचते," बाई म्हणाली.

"असा झोपून?"

"मुंबईले झोपूनच नाचतात," बाईनं सांगितलं आणि तांदूळ निवडत राहिली. माझ्या कलेचं तिनं केलेलं हे पहिलं समर्थन. शेवटचंही तेच असावं.

पहिला खरा विद्यार्थी आला तो बाजारातला दर्जी. साऱ्या गावासाठी तो 'मास्टर' होता. मला विद्यार्थ्यांनी 'मास्टर' म्हणावं अशी माझी फार इच्छा होती, पण आरमोरीत ती जागा आधीच भरलेली होती. कोणी "मास्टर!" अशी हाक मारली की आम्ही दोघंही वळायचो, आणि समोरच्याच्या हातात नेहमी फाटका सदरा असायचा. शेवटी मी 'गुरुजी' या शब्दावर समाधान मानलं.

हा मास्टर हिवाळ्यात नाटकांतून राणीची कामं करायचा. धानाची कापणी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बैलांच्या शर्यती आणि अंधार पडला की नाटक. त्या वेळी बायकांची कामं पुरुषच करायचे. मास्टर पंधरासोळाव्या वर्षापासून राणी होता आणि आता त्याचे गुडघे कुरकुर करू लागले होते.

"गुरुजी, ऐसा है," तो म्हणाला, "राणी येते तवा टाळी पडते. राणी जाते तवा लोक बिडी पेटवतात. जाताना टाळी पडन असं काई शिकवा मले."

मी म्हटलं, "नवनृत्यात टाळीसाठी काही करत नाहीत. आतून येतं ते करतात."

"मंग आतून असं काई आणा, की टाळी पडन."

त्यानं आपल्या नाटक कंपनीतले आणखी सातआठ गडी आणले. सगळे शेतकरी. कोणी राजा, कोणी राक्षस, कोणी राणीची दासी. भातरोवणी आटपून कापणी यायची होती, हाताला फारसं काम नव्हतं. अशी माझी शाळा भरली, आणि भरल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला दोनच गोष्टी येतात. मग अभ्यासक्रम ठरवायला वेळ लागला नाही. आधी झाड, मग लाट.

झाडाचा धडा असा: डोळे मिटून उभं राहायचं, पाय जमिनीत रुजलेत असं मानायचं, आणि वारा येईल तसं हळूहळू डोलायचं. गडी फार मन लावून डोलायचे. मी भारावून त्यांच्यामधून फिरत होतो आणि मुळांबद्दल बोलत होतो, तेवढ्यात राक्षसाचं काम करणारा गडी घोरू लागला. बाकीच्यांकडे नीट पाहिलं. दोघं सोडले तर सगळं जंगल उभ्यानं झोपलं होतं.

त्याचा मला फार राग आला आणि दुसऱ्या दिवसापासून मी उड्या सुरू केल्या. उड्या मला कधी कोणी शिकवल्या नव्हत्या. मुंबईत पुढच्या रांगेतले लोक त्या मारायचे आणि मी मागून पाहायचो. कोंड्यानं भरलेल्या पोत्यांचा ढीग रचला, त्यावर एकेकाला चढवलं आणि हात पसरून हवेत झेप घ्यायला लावली. झेप सगळ्यांची छान होती. खाली येणं कुणालाच जमत नव्हतं, आणि ते कसं करायचं हे मलाही माहीत नव्हतं.

आठवडाभरानं कोठ्याच्या दारात एक सायकल थांबली. सरकारी दवाखान्यात वरोऱ्याहून नवी नर्स आली होती, ती. बुटकी, जाड भिंगाचा चष्मा, आवाज मात्र पलीकडच्या आळीत ऐकू जाईल असा. गाव तिला सिस्टर म्हणायचं. म्हणजे माझी बहीण ती बाई, आणि सिस्टर ती दुसरीच.

"इथी काय चालून राह्यलं?" तिनं विचारलं.

"नवनृत्याचं शिक्षण."

"माझ्याकडे या हप्त्यात चार पाय आले. दोन एकाचेच होते. विचारलं तर म्हणतात, गुरुजीनं उडवलं. कोण गुरुजी?"

मी हात वर केला.

"तुम्ही उडून दाखवा बरं."

एवढे विद्यार्थी बघत होते, माघार घेणं शक्य नव्हतं. मी पोत्यांवर चढलो, हात पसरले आणि उडालो.

सिस्टरनं चष्मा काढून पदरानं पुसला. "हे तुम्ही उतरले, का पडले?"

"उतरलो," मी जमिनीवरून म्हणालो.

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी दवाखाना आटोपला की यायची. आधी सगळ्यांची अंगं गरम करून घ्यायची, गुडघे कसे वाकवायचे ते सांगायची, कोणत्या हाडाच्या मागं कोणता स्नायू आहे ते माझ्याच पाठीवर बोट ठेवून दाखवायची. मी मध्ये मध्ये 'आत्म्याची मुक्तता' वगैरे बोलायचो. ती थांबायची, माझं बोलणं संपलं की म्हणायची, "झालं? आता टाचा टेकवा."

सुरुवातीला ती नुसती देखरेख करायला येत होती. मग कोपऱ्यात उभी राहून आमच्याबरोबर हातपाय हलवू लागली. आणि एक दिवस म्हणाली, "ती तुमची लाट दाखवा ना एकदा." मी दाखवली. ती जमिनीवर आडवी झाली, जराशी थांबली, आणि तिच्या टाचेपासून काहीतरी निघालं, पाठीतून वर चढत गेलं, मानेपाशी फुटलं आणि बोटांतून सांडून गेलं. मास्टर हळूच म्हणाला, "या अल्ला."

दोन वर्षं मी लाट होतो. लाट कशी असते ते मी पहिल्यांदा तिथं, धानाच्या कोठ्यात पाहिलं. मला आनंद झाला असं लिहायला हवं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, एवढं खरं.

परगावची एकटी नर्स रोज संध्याकाळी गड्यांच्यात जाऊन हातपाय हलवते, यावर गावात बोलणं सुरू व्हायला वेळ लागला नाही. ते बाईच्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी ती पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची टोपली घेऊन कोठ्याच्या उंबरठ्यावर सोलत बसली, आणि पुढची कित्येक वर्षं तिथंच बसली. ऋतुमानाप्रमाणे टोपलीतलं तेवढं बदलायचं, आणि नवं धान आलं की ती ते ओसरीवर रचायची. बाई जिथं बसली आहे तिथं काही वावगं होत असेल असं म्हणायची आरमोरीत कुणाची छाती नव्हती.

नाचाबद्दल तिचं मत बदललं नव्हतं. तिला तो प्रकार शुद्ध वेडेपणाचा वाटायचा. पण कोणतीही गोष्ट गबाळेपणानं झालेली तिला खपत नसे. राजा उशिरा आला की ती म्हणायची, "भाऊ, नाचाचंच हाये तर वेळेवर नाचा." कोणी थुंकायला बाहेर गेलं तर परत येताना पाय धुवायला लावायची. शनिवारी कोठा स्वतः सारवायची, आणि ओल्यावर पाऊल टाकलं तर गुरुजींनाही सोडायची नाही. महिनाभरात माझ्या शाळेला शिस्त लागली. ती माझ्याकडून लागलेली नाही हे सगळ्यांना दिसत होतं. मला दिसायला थोडा जास्त वेळ लागला.

हिवाळा आला तशी मास्टरच्या कंपनीनं विचारलं, की मंडईत नाटकाच्या आधी तुमच्या शाळेचा एखादा नाच ठेवायचा का. मी तयारच होतो. 'समुद्र' नावाचं नृत्यनाट्य मी रचलं होतं. एक कोळी समुद्रावर जातो, वादळ येतं, काठावर म्हातारी आई वाट पाहते, कोळी बुडतो. बुडणारा कोळी मी. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढच्या रांगेत, किंबहुना रांगेच्याही पुढे उभा राहणार होतो. सिस्टर वादळ होणार होती, डोक्यावरून ओढणी घेऊन, म्हणजे तोंड दिसणार नाही. आईचं काम मास्टरकडे. पण तो इतकी वर्षं राणी होता, की दागिन्यांशिवाय रंगमंचावर यायला तयार होईना. शेवटी कोळ्याच्या गरीब आईच्या गळ्यात चपलाकंठी राहिली.

आमच्यापैकी समुद्र कुणीच पाहिला नव्हता. मी पाहिला होता, पण लांबून.

"वैनगंगेपेक्षा मोठा रायते का?" राजानं विचारलं.

"पलीकडचा काठ दिसत नाही."

"पुरात वैनगंगेचाबी दिसत नाई."

"त्याहून मोठा."

"म्हंजे पूर उतरतच नाई म्हना ना," तो म्हणाला. "लोक राह्यतात कसे मंग तिथी?"

समुद्रासाठी मास्टरनं जुनी धोतरं जोडून लांबच लांब कापड शिवलं आणि त्याच्या बायकोनं कपड्याला घालतात त्या निळीत ते बुचकळून काढलं. वाळल्यावर रंग सुरेख दिसत होता. कापडाला हात लावला की तो हाताला लागतो, हे आम्हाला प्रयोगाच्या दिवशी कळलं.

मंडईचं गाव आमच्यापासून जवळच. गॅसबत्त्या नुकत्याच पेटल्या होत्या, लोक घोंगड्या पसरून जागा धरत होते, आणि आमचा समुद्र सुरू झाला. कापडाची दोन्ही टोकं बाजूला उभ्या असलेल्या गड्यांच्या हातात होती. सुरुवात खरोखर चांगली झाली. सिस्टर कापडाच्या मागून उठली आणि पुढच्या ओळीतल्या बायकांनी लेकरं जवळ ओढली. मग मी आत शिरलो. वल्हं मारलं, आकाशाकडे पाहिलं, आईला हाक मारल्यासारखे हात केले, आणि बुडायच्या जागेकडे निघालो.

बांबू सरकवायला म्हणून मास्टरनं कापडाच्या काठाला एक पट्टी दुमडून ठेवली होती. तिच्यात माझा पाय अडकला. मी पाय ओढला. माझ्या ओढण्यानं कापड हललं, तशी दोन्ही बाजूंच्या गड्यांना वाटलं की वादळाचा इशारा झाला. ते जन्मभर बैलांचे कासरे ओढलेले लोक. त्यांनी ओढलं. मी गरकन फिरलो, पुन्हा फिरलो, आणि कापड माझ्याभोवती गुंडाळत गेलं. मला काही दिसेना. आतून ओरडलो, "सोडा!" त्यांना ते "ओढा" ऐकू आलं. माझी निळी गुंडाळी रंगमंचाच्या कडेला गेली, क्षणभर थांबली आणि खाली पेटीवाल्याच्या अंगावर कोसळली. पेटीतून एक लांबलचक सूर निघाला आणि तो काही केल्या थांबेना.

मला काही झालं की काय म्हणून लोक उठून उभे राहिले होते. तेवढ्यात मी तिथून उठायला नको होतं. पण मला वाटलं, कलावंतानं भूमिका पूर्ण केली पाहिजे. मी कापडातून बाहेर आलो. तोंड, कान, दाढी, सगळं निळं. खाली मान न घालता, अत्यंत गंभीरपणे मी रंगमंचावर परत चढलो, ठरलेल्या जागेवर गेलो, आणि तिथं बुडून मेलो.

मग जे हसणं उठलं ते मी पुन्हा कधी ऐकलं नाही. म्हातारे लोक घोंगडीवर लोळत होते. चपलाकंठी घातलेली माझी आई माझ्या प्रेतावर ओणवी होऊन रडण्याऐवजी फुसफुसत होती. "वन्समोर!" कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळीकडून तेच.

मी मांडवामागं जाऊन एका पेटाऱ्यावर बसलो. थोड्या वेळानं बाई आली.

"मी शाळा बंद करतो," मी म्हटलं.

"काऊन?"

"लोक हसले."

"मंग? थे काय रडाले आले होते?" तिनं पदराच्या टोकानं माझा गाल पुसून पाहिला, रंग निघाला नाही. "वैरागडचे लोक आले हायेत. त्यायच्या मंडईत त्यायले हाच नाच पायजे. मी हो म्हटलं."

"कोणता नाच?"

"पडाचा."

वैरागडला मी पडलो नाही. कापडाची पट्टी उसवून घेतली आणि सगळा समुद्र नीट, जसा रचला होता तसा केला. लोक सभ्यपणे बसून राहिले. कोणी खोकलं, कोणी उठून पान खायला गेलं. संपल्यावर तिथले प्रमुख आत आले. "भाऊ, बरा होता नाच," ते म्हणाले, "पण थो भाऊ काऊन नाई आला, थो पडते थो?"

त्यापुढच्या गावी मी मुद्दाम पडलो. लोक खूश झाले. मी रात्रभर कण्हत होतो, आणि सकाळी उजवा हात डोक्यावर जाईना. सिस्टरनं खांदा चोळता चोळता एवढंच म्हटलं, "पडायचंच असेल तर शिकून पडा."

त्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी कोठ्यात तणस, म्हणजे भाताचा पेंढा, पसरून पडायचं कसं ते शोधून काढलं. मी पडायचो आणि ती वाकून बघायची. श्वास कुठं सोडला, आधी मांडी टेकली की खुबा, मान कुठं होती. "पुन्हा," ती म्हणायची. बाई उंबरठ्यावरून म्हणायची, "तणस सारखं करा आधी." हळूहळू पडणं जमू लागलं. आधी पोटरीची बाजू, मग मांडी, मग कूस, मग खांद्याच्या मागची मऊ जागा. आणि या सगळ्यात श्वास बाहेर जाणारा. मग तणस काढून टाकलं तरी लागेना. मुंबईला मी उंच जायला शिकायला गेलो होतो. आरमोरीत बसून मला खाली येणं नीट यायला लागलं, आणि माझ्या अंगात खरी विद्या आली असेल तर ती एवढीच.

पुढची दोनतीन वर्षं हिवाळ्यात मी गावोगाव बुडत फिरलो. शाळा वाढली ती त्यातून. राक्षसांना आणि योद्ध्यांना लागल्याशिवाय मरता येऊ लागलं, तशा दुसऱ्या नाटक कंपन्या आपले नट रोवणीनंतर आमच्याकडे पाठवू लागल्या. धानोऱ्याकडचा एक लाकडाचा ठेकेदार माझं बुडणं बघून इतका हसला, की त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं. बरा झाल्यावर त्यानं सागाच्या फळ्यांच्या बैलगाड्या पाठवून दिल्या. फळ्या वाकड्या होत्या, पण सुताराकडून ताशून घेतल्या आणि कोठ्याला लाकडी जमीन झाली. मुलीही येऊ लागल्या. त्यांच्या आया येऊन आधी बाईशी बोलायच्या, मग सिस्टरशी. माझ्याकडे बघून त्यांना फक्त हसू यायचं, पण त्यामुळे माझी भीती वाटत नाही, हाही शाळेचा फायदाच झाला.

मुलींसाठी मी रोवणीचं नृत्य रचलं होतं. गाळात उभं राहून वाकायचं, ओळीनं मागे सरकायचं. एक मुलगी सरळ म्हणाली, "गुरुजी, सकाळपासून थेच करून राह्यलो आमी. इथी दुसरं काई नाई का?" त्यांना आगगाडी व्हायचं होतं. वडशाला पाहिलेली. सिस्टरनं त्यांची आगगाडी बसवली आणि मी शिट्टी वाजवली.

मग एका वर्षी मुंबईची एक नवी मंडळी नागपूरला आली. सिस्टर रजा काढून बघायला गेली आणि परत येऊन आम्हाला सांगू लागली. तिनं त्यांच्यापुढे काही करून दाखवलं होतं, आणि त्यांनी तिला शिकायला या म्हणून सांगितलं होतं.

"जा," बाई लगेच म्हणाली.

मी म्हटलं, "विचार करून..."

"तिनं केला हाये विचार," बाई म्हणाली.

तिला नदीपलीकडे मोटारीपर्यंत पोचवायला मी गेलो. तेव्हा वैनगंगा डोंग्यातून ओलांडावी लागायची. तिला सांगायचं असं माझ्या मनात बरंच काही होतं. चार दिवस तयारी केली होती, वाक्यं पाठ होती, आणि नदीच्या मध्यावर, दोन्ही काठ लांब असताना सुरुवात करायची असं ठरलं होतं. मध्यावर वाऱ्यानं डोंगा हलला. मी दोन्ही हातांनी फळी धरली. गावोगाव समुद्रात बुडून आलेला माणूस मी, पण ती फळी काही सोडवेना. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "काठ आला की सांगते."

मी डोळे मिटले. काठ आला, तेव्हा तिनं सांगितलं. मोटार उभीच होती.

ती नव्हती त्या काळात शाळा बाईनं चालवली. मी शिकवत होतो, पण 'आत्म्याची मुक्तता' म्हटल्यावर आता थांबवायला कोणी नव्हतं, तर मलाच ते बोलायचा कंटाळा येऊ लागला. मास्टरच्या गुडघ्यांनी दगा दिला. मग तो बसून शिकवायचा: राणीनं मान कशी वळवायची, पदर कधी सोडायचा. जाताना टाळी कशी घ्यायची ते त्याला स्वतःलाच केव्हातरी सापडलं होतं. उंबरठ्याशी थांबायचं आणि मागे न बघता नुसतं बोट उचलायचं. माझ्याकडून तो काय शिकला ते मी त्याला विचारलं होतं. त्यानं गुडघे चोळत आठवून पाहिलं. शेवटी म्हणाला, "उभ्यानं झोपाले."

सिस्टर परत येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली, नोकरी सोडून, चांगली शिकून, चालणं बदललेलं, आवाज मात्र तोच. पहिल्याच संध्याकाळी चहा घेताना म्हणाली, "तुमच्या जुन्या मंडळीतले लोक भेटले तिकडे. मी तुमचं नाव सांगितलं."

मी बशी खाली ठेवली. "काय म्हणाले?"

"आधी आठवेना त्यांना. मग एकजण म्हणाला, हां हां, तो का, कापडाच्या घड्या फार छान घालायचा तो."

मी बाईकडे पाहिलं नाही. बाई चुलीपुढं होती. "मंग?" तिचा आवाज आला. "इथीबी छानच घालते."

एवढ्यावर तो विषय संपला. दुसऱ्या दिवसापासून शाळेची प्रमुख सिस्टर झाली, कुणी तसं ठरवलं नाही तरी. तिनं वेळापत्रक केलं. रोज सकाळी अंगाची तयारी, ती घेणार. मग ताल, मग रचना, तेही ती. चालणंबोलणं मास्टर. माझ्यासमोर सोमवार आणि गुरुवार लिहिले होते आणि विषय लिहिला होता: पडणे.

"हा शब्द बरा दिसत नाही," मी म्हटलं. "भूमिस्पर्श लिहू या."

"पोरांना कळलं पाहिजे," ती म्हणाली.

ती आमच्याच घराला लागून असलेल्या खोलीत राहू लागली. तिनं लग्न केलं नाही, मीही नाही. गावानं आमच्याबद्दल आणखी काही वर्षं बोलून घेतलं आणि मग त्यांनाच कंटाळा आला. ती आणि बाई मात्र रोज भांडायच्या, फळ्यांना तेल किती द्यायचं यावरून, आणि एकीला ताप आला की दुसरी कुणाला जवळ येऊ देत नसे.

शाळेत आता वर्षभर विद्यार्थी असायचे. गडचिरोलीकडचे, चांद्याकडचे, पार सिरोंच्याहूनही. सिरोंच्याचा एक धिप्पाड तरुण आला होता, तो तेलुगू बोलायचा आणि आमचं बोलणं त्याला अर्धंच कळायचं. त्याच्या गावात तो भीमाचं काम करायचा. पहिल्या सोमवारी मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि काही न बोलता पडलो. तो घाबरून मला उचलायला धावला. मी उठलो, पुन्हा पडलो. तिसऱ्या वेळी त्याच्या ध्यानात आलं, आणि तो हसत हसत, एखादं झाड तोडावं तसा माझ्या शेजारी कोसळला. कोठा हादरला. दोन वर्षांत तोच माणूस ओंजळीतून पाणी सांडावं तसा जमिनीवर यायला शिकला.

नागपूरच्या एका मोठ्या मंडळीला नर्तक हवे होते, तेव्हा आम्ही त्याला पाठवलं. आमच्या शाळेतून पोटासाठी नाचायला बाहेर जाणारा तो पहिला. त्यांनी त्याला घेतलं. इतकंच नाही, बाकीच्यांना पडायला शिकव म्हणाले. तो सांगायला आला तेव्हा जेवायची वेळ होती. बाईनं त्याला पाटावर बसवलं. सिस्टरनं दहादा तेच तेच विचारलं. मी माझी पाळी येईपर्यंत वाट पाहिली, मग आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "कुणाकडे शिकलास, ते विचारलं असेल त्यांनी?"

"विचारलं ना," तो म्हणाला. "सिस्टरचं नाव सांगितलं."

मी वरणात बोट फिरवत राहिलो.

त्याला माझं तोंड बघून काही कळलं असावं. त्यानं घाईनं समजावलं, त्याच्या त्या मोडक्या मराठीत. "तुम्ही पडला, गुरुजी. लय पडला. पण काऊन पडला, ते सिस्टर सांगितला."

सिस्टरनं मान खाली घातली. ती हसत होती की काय, ते चष्म्यामुळे कळेना. बाईनं त्याच्या पानात आणखी भात घातला आणि तीच पळी घेऊन माझ्याकडे वळली.

"तुले का झालं? जेवत काऊन नाई?"

"पोट भरलं," मी म्हटलं.

"दोन घास झाले नाई अन् पोट भरलं म्हनते," ती म्हणाली, आणि मी हात आडवा धरलेला असतानाही तिनं वाढलंच.